धाग्यासाठी फासे टाकायचे का?

रविवार, २ नोव्हेंबर

मयुरा आणि तिच्या मित्रांचं आज आमच्या दिवाणखान्यात कडाक्याचं भांडण झालं. कारण ऐकून मला आधी हसूच आलं. भुताच्या खेळात नियम कुठले घ्यायचे!

हा खेळ म्हणजे काय ते मला गेल्या वर्षी लेकीमुळे कळलं. टेबलाभोवती बसायचं. एक जण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, कुणी वकील, कुणी पत्रकार. काहीतरी भयंकर घडलेलं असतं, त्याचा छडा लावायचा. काय जमलं आणि काय फसलं ते फासे ठरवतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसती बडबड आणि चहावर चहा.

तर मयुरा सूत्रधार होती. विहिरीच्या काठी एक आंगठी पडलेली. ती शोधायला राघवने फासा टाकला, आकडा वाईट पडला, आंगठी सापडली नाही. आणि त्या आंगठीवाचून गोष्ट पुढे सरकत नव्हती! दीड तास सगळे विहिरीभोवती घिरट्या घालत बसले. राघव इथे दिल्लीतच, द्वारकेहून येतो, विमानतळावर नोकरीला आहे, वेळेचा पक्का. तो म्हणाला, "ये क्या यार, एका आकड्यापायी पूरा संडे गेला." चैतन्य गाझियाबादला शाळेत गणित शिकवतो. तो म्हणाला, "रूल म्हणजे रूल, बॉस. फासा पडला नाही तर नाही." मयुराने फासे कोचाखाली भिरकावले.

मग तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"आई, तू आयुष्यभर हेच केलंयस. आम्हाला एक रूलबुक सिलेक्ट करून दे ना."

पस्तीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी, आता अवर सचिव, अठ्ठावीस फेब्रुवारीला निवृत्त. नियमांशिवाय मला दुसरं येतं तरी काय? हो म्हटलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

तुलनात्मक तक्ता केला. तीन पर्याय आहेत. एक जाड हिरवं पुस्तक, एक पातळ पांढरं, आणि मयुराने नेटवरून छापून आणलेली बारा पानं.

हिरव्यात प्रत्येक धागा फाशांवर. आकडा पडला तर पुरावा मिळाला, नाहीतर गेला. भीतीचेही गुण असतात, काही भयंकर दिसलं की कमी होत जातात, शून्यावर आले की माणसाला वेड लागतं.

पांढऱ्याचं उलट. योग्य माणसाने, योग्य जागी, योग्य प्रश्न विचारला की सूत्रधाराने धागा द्यायचाच, फासे टाकायचेच नाहीत. फासे फक्त पळायला, लपायला आणि मन थाऱ्यावर ठेवायला. त्यांचं म्हणणं असं, की धागा सापडतो की नाही यात गोष्ट नाही, सापडल्यावर तुम्ही काय करता यात गोष्ट आहे.

बारा पानांत नियम असे नाहीतच. दर दुसऱ्या ओळीत "सूत्रधारास योग्य वाटेल त्याप्रमाणे". हे लिहिणारा नक्की आमच्यातलाच कुणीतरी असणार.

माझं मत हिरव्याला. खऱ्या चौकशीत कुठे सगळे पुरावे हाती येतात? राहून जातात. मी स्वतः चौकशी अधिकारी म्हणून काम केलंय, मला ठाऊक आहे. खाली शेरा लिहिला, "हिरवे पुस्तक अधिक वास्तववादी. मान्यतेस्तव सादर." मयुरा म्हणाली, "सादर कुणाला, आई?" तेही खरंच.

रविवार, ९ नोव्हेंबर

नुसत्या तक्त्यावर निवड नको, दोन्ही नियम खेळून बघू, असं ठरलं. पुस्तकं अथपासून इतिपर्यंत वाचलेली मी एकटीच, तेव्हा सूत्रधारपद माझ्या गळ्यात पडलं.

गोष्ट हवी. मला भुताची गोष्ट कुठून सुचणार? एक जुनी चौकशी आठवली, तीच फिरवून घेतली. शंभर वर्षांपूर्वीची संस्थानी कचेरी. दप्तरखान्यातून एक फाइल नाहीशी होते. दप्तर सांभाळणाऱ्यावर आळ येतो, चौकशीत तो दोषी ठरतो आणि खचून मरतो. त्यानंतर ती फाइल रोज सकाळी कुणाच्या तरी टेबलावर आपोआप येऊन पडते. ज्याच्या टेबलावर पडते, तो सूर्य मावळायच्या आत जातो.

चैतन्य म्हणाला, "काकू, तुमच्या ऑफिसात असं होतं?" म्हटलं, रोज होतं, फक्त मरत कुणी नाही.

गोपनीयता जपली आहे. नाव, गाव, काळ, सगळं बदललं.

हिरव्या नियमांनी खेळलो. दप्तरखान्यात चावीची वही होती, म्हणजे खोलीची चावी कुणी कधी नेली त्याची नोंद, सहीसकट. मयुराने ती शोधायला फासा टाकला. पडला नाही, वही सापडली नाही. मला इतकं हायसं वाटलं की उठून सगळ्यांना पुन्हा आल्याचा चहा केला. खेळ छान झाला. हिरवंच घ्यावं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

एका जागी बसवत नाही. हवा घाण आहे, डोळे चुरचुरतात, त्यानेच असेल. काल आयएनए मार्केटात दोनदा गेले, एकदा मेथी आणायला आणि एकदा मेथी आणायचीच विसरले म्हणून. निवृत्तीचे कागद भरायचे आहेत. कार्यालयात चार वेळा काढले आणि चार वेळा खणात ठेवले.

मयुरा म्हणाली, "आई, तू कपाट परत का आवरतेयस? कालच आवरलं होतंस." मला आठवेना. वय झालं.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज पांढरे नियम. राघव गोष्टीत वकील आहे. पहिल्या पाच मिनिटांत त्याने सरळ मागितलं, "चावीची वही दाखवा."

मी म्हटलं, वाळवीने खाल्ली.

"ठीक. मग दप्तरवाल्याच्या भुतालाच विचारतो."

म्हटलं, भूत बोलत नसतं.

राघवने पांढरं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "काकू, ये तो चीटिंग है. विचारलं तर द्यायचंच, हे तुम्हीच वाचून दाखवलंत ना?"

मी जरा चढ्या आवाजात सांगितलं, की आरोपपत्रासोबतच्या यादीत जो कागद नाही तो मागवायची चौकशी अधिकाऱ्यावर सक्ती नसते. मग मयुरा हळूच म्हणाली, "कसली यादी, आई? आपण भुताची गोष्ट खेळतोय."

मी चिवडा आणायला आत गेले.

संध्याकाळी पांढरे नियम का नकोत यावर दोन पानी टिपण लिहिलं. धागा फुकटात दिला तर खेळणाऱ्याला कष्ट उरत नाहीत. सूत्रधाराचे हात बांधले जातात. वगैरे. मुद्दे चोख आहेत. खेळणाऱ्या तीन पोरांसाठी दोन पानं कशाला लिहिली, ते मात्र वाचताना कळेना. चोराच्या मनात चांदणं, असं आमची आई म्हणायची. उगाच आठवलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

रजा टाकली. कारण काही नाही. वरच्या कप्प्यातून त्या जुन्या चौकशीचा अहवाल काढला.

सन २०१६. धोंडीराम शिंगटे, लष्करातून निवृत्त झालेले, मग एका कार्यालयात दप्तरखाना सांभाळायला लागलेले. जागावाटपाची एक फाइल गहाळ झाली. चौकशी अधिकारी मी. चार महिने, सात तारखा, एकतीस पानं. आरोप सिद्ध. सक्तीची निवृत्ती.

अहवालात खोट काढायला जागा नाही. साक्षी, सह्या, परिशिष्टं सगळी जिथल्या तिथे. चावीची वही यादीत नव्हती आणि बचावाच्या बाजूने मागितली नाही. नियमाने मी बरोबर आहे. नऊ वर्षांत मला कुणी जाबही विचारला नाही, तरी मी इथे बसून उत्तर लिहितेय.

रविवार, २३ नोव्हेंबर

राघव आज एक जादा नियम घेऊन आला. टेबलाच्या मधोमध एक लाल पत्ता ठेवायचा. कुणाला सोसवेनासं झालं तर त्यावर हात ठेवायचा. खेळ तिथेच थांबतो, का ते कुणी विचारायचं नाही. मी हसले. भीतीच्या खेळात भ्यायची सोय!

मागच्या वेळची चूक मान्य करून भूत बोलेल असं कबूल केलं होतं. मयुरा गोष्टीत पत्रकार आहे. ती दप्तरखान्यात त्या सावलीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कचेरी सगळी इंग्रजीत चालते. हा गावाकडचा माणूस आहे. मी याच्याशी मराठीत बोलते. बाबा, तुमचं काय सांगायचं राहिलं?"

योग्य माणूस, योग्य जागा, योग्य प्रश्न. नियमाप्रमाणे द्यायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं आणि ते जसंच्या तसं बाहेर आलं.

"बाई, त्या दिशी चावी माझ्याकडं न्हवती. सायबांनी मागवून घेतली हुती. वहीत सही हाय त्येंची. वही बघा की."

चैतन्यने टाळ्या वाजवल्या. "काकू, क्या एक्टिंग है!"

राघवने पटापट जुळवलं. म्हणजे फाइल साहेबाने नेली आणि मरण ह्याच्या माथी आलं. उलगडा झाला, सगळे खूश. मयुरा मात्र अडून बसली. "पण मग हे तो चौकशीत का नाही बोलला?"

"बोलला होता," मी म्हटलं.

"कुणाला?"

"चौकशी करणाऱ्याला."

"मग त्याने लिहिलं का नाही?"

चैतन्य फासे खुळखुळवत सहज म्हणाला, "मग सिंपल आहे ना. म्हणून ती फाइल रोज वेगळ्या टेबलावर येते. तिला चौकशीवाल्याचं टेबल हवंय, ते मिळत नाहीये."

मी लाल पत्त्यावर हात ठेवला.

कुणी काही विचारलं नाही. राघव आणि चैतन्य लवकर निघाले. मयुरा बराच वेळ कप विसळत होती.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आता लिहूनच काढते.

चौकशीची तिसरी तारीख होती. दिवसाचं कामकाज संपलं होतं, जबाबावर सह्या झाल्या होत्या, लोक पिशव्या आवरत होते. शिंगटे दारापर्यंत जाऊन परत फिरले आणि माझ्यासमोर येऊन ते बोलले. मराठीत. खोलीत माझ्याखेरीज चार माणसं होती, एकालाही मराठी येत नव्हतं. मला एकटीला समजलं. मी हिंदीत म्हटलं, "जो कहना है, अगली तारीख पर हिंदी में कहिए, रिकॉर्ड पर."

का? तर पहिल्याच दिवशी कुणीतरी हसत म्हणालं होतं, "मैडम, आपकी ही तरफ़ का आदमी है." मीही हसले होते. पण ते डोक्यात बसलं. दिल्लीत पंचवीस वर्षं मान खाली न घालता काढली, ती काय आपल्या माणसाला पाठीशी घातलं असं ऐकून घ्यायला? मी ठरवलं, या माणसाशी मराठीचा एक शब्द बोलायचा नाही. चार महिने बोलले नाही. ते नमस्कार करायचे, मी नुसती मान हलवायची. याला मी निःपक्षपातीपणा म्हणत होते, आणि त्याचा मला अभिमान होता.

पुढच्या तारखेला साक्षीला तेच साहेब येऊन बसले. शिंगटे जमिनीकडे बघत उभे राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. मी एकच प्रश्न विचारायचा होता. त्या दिवशी दाराशी काय म्हणालात? नाही विचारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणावं, तर तसंही नाही. मला कळसा कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं.

मला स्वतःची लाज वाटते. हे नऊ वर्षांत आज पहिल्यांदा लिहिलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

कोथिंबीर निवडताना मयुराने विचारलं, "आई, तो माणूस खरा आहे का?"

सगळं सांगितलं. ती चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मग लिही ना तसं वर. चौकशी परत उघडत नाही का?"

नवा पुरावा असेल तर उघडते. पण माझ्या तीन महिने उरलेल्या नोकरीत असं पत्र देणं म्हणजे माझ्यावरच चौकशी बसवा असं सांगणं. निवृत्तीनंतरचं सगळं टांगून राहील, कदाचित पाच-सात वर्षं. पस्तीस वर्षांच्या स्वच्छ नोकरीचा शेवट आरोपपत्राने. हे सगळं मी तिला मुद्देसूद समजावलं.

"अच्छा," ती म्हणाली. "आणि त्यांचं काय टांगून आहे?"

माणूस आहे की नाही, हेही मला माहीत नव्हतं. महाराष्ट्र मंडळातल्या एका जुन्या ओळखीच्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "शिंगटे? कॅंटोन्मेंटच्या गणपतीत आरतीला पहिला आवाज त्यांचा असायचा. त्या भानगडीनंतर आपल्या माणसांत पुन्हा आले नाहीत. पालमला असतात." पत्ता दिला. मी फोन ठेवला आणि भाजी करपेपर्यंत तशीच उभी राहिले.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पत्राचा चौथा मसुदा. "कामकाजाची भाषा भिन्न असल्याने सदर कर्मचाऱ्याचे तोंडी म्हणणे निम्नस्वाक्षरीकर्तीच्या पूर्णपणे ध्यानात आले नसण्याची शक्यता आहे. सबब चावीची नोंदवही मागवून फेरविचार व्हावा."

वाक्य सुरेख जमलंय. वही मागवली जाईल, शिंगट्यांचं काम होईल, आणि मला कुणी धरू शकणार नाही. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. मयुराला वाचून दाखवलं. ती लॅपटॉप उघडून बसली.

पत्र देण्याआधी त्यांना दाखवायचं ठरवलं. मयुरा बरोबर येते म्हणाली. नको म्हटलं.

रविवार, ७ डिसेंबर

खेळ रद्द केला. पालमला गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, दारात तुळस. दार शिंगट्यांच्या बायकोने उघडलं, तानूबाईंनी. मी कोण ते सांगितल्यावर पदर सावरून म्हणाल्या, "आइए मैडम." आत शिंगटे खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. वाळलेत फार. "बैठिए मैडम जी."

मी म्हटलं, "शिंगटे, नमस्कार. मी मराठीत बोलले तर चालेल ना?"

तानूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बया! तुमास्नी येतं व्हय?"

शिंगटे हसले. तो माणूस चक्क हसला. "बगा, मी हिला काय म्हनायचो? बाईंचं आडनाव मराठी, पर वाढल्या आसतील हितं. आमचा राजवर्धनच बगा की, हितंच वाढला, निम्मं समजतं त्येला, निम्मं डोक्यावरनं जातं. बाईंचं तसंच झालं आसंल."

तानूबाई चहा ठेवत म्हणाल्या, "रोज सोताला बोल लावत्यात. हिंदीत का नाही सांगितलं, हिंदीत का नाही सांगितलं. नऊ वरसं झाली, तेच."

"मग? चूक माजीच," शिंगटे म्हणाले. "फौजेत हिंदी बोललो की बावीस वरसं. नेमकं त्या दिशी जीव घाबरला आन् तोंडातनं गावचं आलं. फुडल्या तारखेला सायेब समोर. मग येकदा चुकलं ते चुकलं." ते जरा पुढे झुकले. "तुमाला माजं बोलनं कळलं न्हवतं न्हवं, बाई?"

पर्समध्ये पत्राचं पाकीट होतं. त्यात मी चार मसुदे करून जे वाक्य जुळवलं होतं, तेच हा माणूस मला हातानं देत होता. नुसती मान हलवायची होती. ती मला छान हलवता येते.

"कळलं होतं," मी म्हटलं. "शब्दन् शब्द कळला होता. मी लिहिला नाही."

शिंगटे खाली बसले. पंख्याकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील, बाहेर काढतील. मी तयार होते. ते माझ्याकडे वळलेच नाहीत, बायकोकडे वळले.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "मी बोललो हुतो. नीट बोललो हुतो मी."

तानूबाई पदरात तोंड घालून रडायला लागल्या. मला कुणी जा म्हटलं नाही आणि बसा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने मी उठले आणि जिना उतरले.

सोमवार, ८ डिसेंबर

पाचवा मसुदा, तीन ओळी. "श्री. शिंगटे त्या दिवशी मराठीत जे बोलले ते मला पूर्ण समजले होते. मी ते जाणूनबुजून नोंदवले नाही. चावीची नोंदवही मागवावी." खाली मराठीत सही केली, सोबत इंग्रजी भाषांतर जोडलं.

सकाळी निघताना मयुराने विचारलं, येत्या रविवारी कुठले नियम? पांढरे, म्हटलं. पांढऱ्यांविरुद्धचं माझं ते टिपण फाडून टाक.

टपाल स्वीकारण्याच्या खिडकीवरच्या कारकुनाने शिक्का हातात धरून ते भाषांतर सगळं वाचलं. मला वीस वर्षं ओळखतो. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मैडम, फरवरी के बाद दे देतीं तो?"

मी म्हटलं, "पोच द्या." मराठीतच निघालं तोंडातून, पण त्याला समजलं. त्याने शिक्का मारला.